जखमी सैनिक, रुग्णांचा सेवक : संत कॅमिलस

जुलै महिन्याच्या १४ तारखेला आपली ख्रिस्तसभा संत कॅमिलस डी लेलिस यांचा सण साजरा करते. रुग्णांचे, इस्पितळांचे आणि परिचारिकांचे ते आश्रयदाते संत आहेत. परिचारिकेचे काम करणाऱ्या लेकी-सुना आपल्या धर्मग्रामात काही थोड्या नाहीत. रात्रपाळी आटोपून सरळ सकाळच्या मिस्साला येऊन बसणाऱ्या भगिनींना आपण सारेच ओळखतो. तरीही संत अंतोनी किंवा संत फ्रान्सिस झेवियर यांच्याइतके संत कॅमिलस आपल्या परिचयाचे नाहीत. त्यांची तसबीर आपल्या घरांत क्वचितच दिसते. म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ या.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बालपणापासून देवघरात रमलेल्या एखाद्या सालस मुलाची ही कथा नाही. कॅमिलस हे पेशाने सैनिक होते. जुगारी होते, तापट होते आणि दुसऱ्याचे ऐकून घेणे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या पायाला एक जखम झाली आणि ती तब्बल ४६ वर्षे भरली नाही. त्यांचा हट्टी स्वभाव आणि ती न भरणारी जखम, या दोन गोष्टींनी त्यांचे आयुष्य आधी उधळून लावले. पुढे देवाने त्याच दोन गोष्टी हाती घेतल्या आणि त्यांतून एक संत घडवला.

आईचे स्वप्न

इटलीच्या आब्रुझ्झो प्रांतात बुक्कियानिको नावाचे गाव आहे. तेव्हा ते नेपल्सच्या राज्यात मोडत असे. २५ मे १५५० रोजी त्या गावी कॅमिलसचा जन्म झाला. आईचे नाव कॅमिला. उतारवयात तिला हे मूल झाले, म्हणून गावातले लोक तिची तुलना योहान बाप्तिस्ताच्या आईशी, एलिझाबेथशी करीत. मुलाच्या जन्माआधी तिला एक स्वप्न पडले, असे सांगतात. स्वप्नात तिने एक मुलगा पाहिला. त्याच्या छातीवर लाल क्रूस होता आणि तसाच क्रूस लावलेली बरीच मुले त्याच्यामागून चालत होती. आई घाबरली. त्या काळी फाशीच्या गुन्हेगारांना क्रुसाची खूण लावीत. आपल्या पोटी एखादा दरोडेखोरांचा म्होरक्या तर येणार नाही ना, अशी तिला धास्ती वाटली.

मुलाचे रंगढंग पाहता आईची धास्ती खरी ठरणार असेच चिन्ह दिसत होते. वडील जिओव्हानी हे सैन्यातले अधिकारी. आज या राजाच्या चाकरीत तर उद्या त्या राजाच्या, असे त्यांचे आयुष्य. घरी ते क्वचितच असत. एकट्या, थकलेल्या आईला हा दांडगा मुलगा आवरत नव्हता. शाळेत त्याचे मन रमेना. फासे आणि पत्ते मात्र त्याने लवकर हाताळले. तो बारा-तेरा वर्षांचा असताना आई देवाघरी गेली. आपल्या मुलाचे काय होणार, ही काळजी उराशी घेऊनच ती गेली. त्या लाल क्रुसाचा खरा अर्थ तिला या जगात कळला नाही.

सैन्य आणि जुगार

कॅमिलस उंचीने साडेसहा फूट होता, असे त्याचे चरित्रकार सांगतात. अंगात ताकद भरपूर आणि डोक्यात राग त्याहून अधिक. विशी गाठण्याआधीच तो वडिलांबरोबर सैन्यात भरती होण्यासाठी निघाला. व्हेनिसचे सैन्य तेव्हा तुर्कांविरुद्ध उभे राहात होते. पण वाटेतच वडील आजारी पडले आणि वारले. मुलगा एकटा उरला. वारसा म्हणून वडिलांची तलवार आणि जुगाराची खोड तेवढी त्याच्याकडे आली.

याच सुमारास त्याच्या पायावर, घोट्याजवळ, एक लहानशी जखम झाली. आधी साधा ओरखडाच होता. त्याने तो खाजवला, दुर्लक्ष केले आणि त्याचे चिघळलेले व्रण झाले. १५७१ साली उपचारासाठी तो रोमला गेला. तिथे संत याकोबाच्या नावाचे एक मोठे इस्पितळ होते. ज्यांच्या रोगावर इलाज नाही अशांसाठी ते बांधलेले होते. उपचाराचे पैसे नसल्यामुळे कॅमिलस तिथे रुग्ण म्हणून राहिला आणि नोकर म्हणून कामही करू लागला. पण पत्ते त्याला स्वस्थ बसू देईनात. कामाच्या वेळी तो इस्पितळातून सटके आणि टायबर नदीवरच्या नावाड्यांबरोबर पत्त्यांचा डाव मांडून बसे. इतर नोकरांशी त्याची रोज भांडणे होत. त्याच्या उशीखाली पत्त्यांचा जोड सापडला, असेही सांगतात. काही महिन्यांनी व्यवस्थापकांनी त्याला काढून टाकले.

मग पुन्हा सैन्य. आधी व्हेनिसच्या बाजूने आणि नंतर स्पेनच्या बाजूने तो तुर्कांविरुद्धच्या मोहिमांत गेला. लढाई, उपासमार, आजार, समुद्रातील वादळ या सर्वांतून तो वाचला. वादळात जीव मुठीत धरून त्याने देवाला शब्द दिला होता, की वाचलो तर फ्रान्सिस्कन साधू होईन. जमिनीवर पाय टेकले आणि शब्द विसरला. आपल्यापैकी कुणी असे कधी केले नाही, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

१५७४ साली त्याची पलटण मोडली आणि तो नेपल्सला आला. तिथे जुगारात तो सर्वस्व हरला. तलवार गेली, बंदूक गेली, दारूगोळ्याची पेटी गेली, अंगरखा गेला. शेवटी अंगातला सदराही त्याला उतरवून द्यावा लागला. आईचा तो धिप्पाड लेक भर रस्त्यात उघडा उभा राहिला.

डोंगरातली वाट

भीक मागत मागत कॅमिलस मानफ्रेदोनिया नावाच्या बंदराच्या गावी पोचला. एके दिवशी तो देवळाच्या दाराशी हात पसरून उभा होता. लाजेने मान वर होत नव्हती. एका सद्‌गृहस्थाची नजर त्याच्यावर पडली. हा एवढा धडधाकट तरुण भीक का मागतो, असे त्या गृहस्थाला वाटले. गावात कपुचिन साधूंच्या मठाचे बांधकाम चालू होते. तिथे त्याला मजुरी मिळाली. दोन गाढवांवरून दगड, चुना आणि पाणी वाहायचे काम. एके काळचा सैनिक गाढवे हाकताना पाहून गावातली पोरे त्याची टिंगल करीत. कॅमिलस दात-ओठ खाऊन काम करी. चार पैसे गाठीला बांधून हिवाळा सरताच पुन्हा सैन्यात जायचे, असा त्याचा बेत होता.

१५७५ च्या फेब्रुवारीत मठाच्या कामानिमित्त त्याला जवळच्या डोंगरातील सान जिओव्हानी रोतोंदो या गावी पाठवण्यात आले. हे नाव आपल्या कानावरून गेले असेल. संत पाद्रे पिओ यांनी १९१६ पासून मृत्यूपर्यंत ज्या मठात वास्तव्य केले, तोच हा कपुचिन मठ. पाद्रे पिओंच्या तीनशेहून अधिक वर्षे आधी त्याच मठात एका हरलेल्या जुगाऱ्याची गाठ फादर अँजेलो नावाच्या एका साधूशी पडली. फादरांनी त्याला बाजूला घेतले आणि देवाविषयी, पापाविषयी आणि आत्म्याच्या मोलाविषयी चार शब्द सांगितले. कॅमिलसने ते ऐकून घेतले आणि तो झोपायला गेला.

दुसरा दिवस २ फेब्रुवारीचा होता. प्रभू येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण, ज्या दिवशी आपण मेणबत्त्या आशीर्वादित करून घेतो. सकाळचा मिस्सा ऐकून कॅमिलस परतीच्या वाटेला लागला. डोंगरातल्या त्या एकाकी वाटेवर आदल्या रात्रीचे शब्द त्याच्या मनात घुमू लागले. आपण आजवर काय केले हे एकदम त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. तो जनावरावरून उतरला, दगडांवर गुडघे टेकले आणि लहान मुलासारखा रडला. पंचविशीला आलेला तो राकट गडी उठला तो निश्चय करूनच. आता सैन्य नाही, जुगार नाही. पुढचे आयुष्य पश्चात्तापाचे. तो हट्टी होताच. यानंतर तो पत्त्यांकडे कधी वळला नाही. या दिवसाची आठवण म्हणून पुढे तो दरवर्षी २ फेब्रुवारीला आपल्या परिवर्तनाचा दिवस मानीत असे.

पुन्हा पुन्हा तेच इस्पितळ

आता सारे सुरळीत होईल असे आपल्याला वाटते. पण देवाच्या योजना आपल्या हिशेबाने चालत नाहीत.

कॅमिलस कपुचिन मठात उमेदवार म्हणून दाखल झाला. सर्वांना तो आवडला. मात्र साधूच्या जाड्याभरड्या झग्याची कडा पायावर घासली जाऊन जुनी जखम पुन्हा उघडी पडली. मठाच्या नियमाप्रमाणे अशा रुग्णाला ठेवून घेता येत नव्हते. त्याला निरोप देण्यात आला. बरा झालास की परत ये, असे सांगण्यात आले. कॅमिलस पुन्हा रोमला गेला, त्याच संत याकोबाच्या इस्पितळात, जिथून त्याला हाकलून दिले होते. या वेळी त्याने तिथे चार वर्षे मन लावून सेवा केली. जखम भरत आल्यासारखी दिसताच १५७९ साली तो आनंदाने मठात परतला. जखम पुन्हा चिघळली. या वेळी मठाने त्याला कायमचा निरोप दिला.

त्या दिवशी त्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल? देवासाठी सगळे सोडायला तो तयार होता आणि देवाच्या घराचे दारच त्याच्या तोंडावर बंद होत होते. आपणही आजारपणात विचारतो, देवा, मी तुझी एवढी भक्ती करतो, मग हे माझ्याच वाट्याला का? कॅमिलसलाही हे कोडे पडले. पण नीट पाहिले तर दर वेळी ती जखम त्याला एकाच ठिकाणी आणून सोडत होती. रुग्णांच्या खाटांपाशी. तो मठाचे दार ठोठावत होता आणि प्रभू येशू त्याची इस्पितळात वाट पाहात होता. हे ओळखायला त्याला काही वर्षे लागली, इतकेच.

तिसऱ्यांदा तो त्या इस्पितळात आला तेव्हा व्यवस्थापकांनी त्याच्यावर सगळा कारभार सोपवला. ज्याला आळशी नोकर म्हणून काढून टाकले होते, तोच आता नोकर, स्वयंपाकघर, कोठार आणि रुग्ण या सर्वांची देखरेख करू लागला.

भाडोत्री हात

त्या काळच्या इस्पितळांची कल्पना आज आपल्याला करता येणार नाही. रुग्णसेवा हे हलके काम समजले जाई. दुसरीकडे कुठे काम न मिळणारी माणसे, कधी कधी तर शिक्षा झालेले गुन्हेगार, पगारावर या कामाला जुंपले जात. रुग्ण आपल्याच घाणीत तासन्‌तास पडून राहात. पाणी मागून मागून घसा कोरडा पडे. मरणाच्या दारी असलेल्या माणसाला धर्मगुरू मिळत नसे. कित्येकदा तर प्राण पुरता गेला की नाही हे न पाहताच माणसाला मृतांत नेऊन टाकीत.

कॅमिलस हे रोज पाहात होता. त्याने नोकरांना दटावून पाहिले, बक्षिसे देऊन पाहिले, रात्री-अपरात्री अचानक फेऱ्या मारून पाहिले. थोडे सुधारले की पुन्हा जैसे थे. १५८२ च्या ऑगस्टमध्ये, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या सुमारास, एका रात्री रुग्णांच्या दालनात उभा असताना त्याच्या मनात एक विचार आला. पैशांसाठी ठेवलेले हात हे काम कधीच नीट करणार नाहीत. जी माणसे केवळ देवाच्या प्रेमाखातर हे काम करतील, अशांची एक मंडळी उभी केली तर? आई आपल्या एकुलत्या एका आजारी लेकराची जशी सेवा करते, तशी सेवा या मंडळींनी करावी. पुढे त्याने आपल्या नियमांतही हीच उपमा घातली. ज्याने आपल्या आईला एवढे रडवले, त्याला सेवेचा आदर्श म्हणून आईच आठवली.

इस्पितळातल्या पाच सहकाऱ्यांना घेऊन त्याने सुरुवात केली. एका खोलीत ते प्रार्थनेला जमत. व्यवस्थापकांना वाटले, हा माणूस इस्पितळच ताब्यात घ्यायला निघाला आहे. त्यांनी ती खोली मोडून टाकली आणि प्रार्थनेला बंदी घातली. भिंतीवरचा क्रूस काढून खाली ठेवलेला पाहून कॅमिलस खचला. त्या रात्री क्रुसावरील ख्रिस्ताने आपले दोन्ही हात सोडवून त्याला धीर दिला आणि हे काम तुझे नाही, माझे आहे असे समजावले, असे त्याच्या चरित्रात सांगितले आहे. कॅमिलस उठला आणि कामाला लागला.

दोन संतांचा मतभेद

मरणाऱ्या रुग्णाला पापनिवेदन आणि अभ्यंग हे संस्कार देता यावेत यासाठी स्वतः धर्मगुरू झाले पाहिजे, हे कॅमिलसने ठरवले. त्याचे वय तेव्हा ३२. लॅटिन भाषा येत नव्हती. रोममधील येशूसंघीयांच्या महाविद्यालयात तो लहान मुलांच्या वर्गात जाऊन बसला. बाकावर न मावणारा तो उंचपुरा, लंगडणारा विद्यार्थी पाहून पोरे हसत. मानफ्रेदोनियाच्या पोरांचे हसणे त्याने पचवले होते, हेही पचवले. १५८४ साली, पेंटेकॉस्टच्या दिवसांत, त्याला गुरुदीक्षा मिळाली. दीक्षा देणारे बिशप थॉमस गोल्डवेल हे मायदेश सोडून रोममध्ये आश्रयाला आलेले ब्रिटनचे वयोवृद्ध धर्माधिकारी होते.

आता एक अवघड प्रसंग आला. फादर कॅमिलस यांचे पापनिवेदन ऐकणारे गुरू म्हणजे साक्षात संत फिलिप नेरी. सारे रोम ज्यांच्या सल्ल्याने चालत असे ते हे संत. संत याकोबाचे इस्पितळ सोडून स्वतंत्र मंडळी काढण्याचा बेत फिलिप नेरी यांना पसंत नव्हता. आहात तिथेच सेवा करा, फारसे न शिकलेल्या माणसाला मंडळी चालवणे झेपणार नाही, असे त्यांचे मत होते. फादर कॅमिलस यांनी ऐकले नाही. तेव्हा फिलिप नेरी यांनी त्यांचे पापनिवेदन ऐकणे थांबवले. ज्यांच्या आधारावर इतकी वर्षे काढली, तोच आधार गेला.

कोणाचे बरोबर होते? आम्हाला वाटते, फिलिप नेरी यांची शंका रास्त होती. कॅमिलस यांचा पूर्वेतिहास पाहता कोणीही शहाण्या माणसाने तेच सांगितले असते. पण कधी कधी देवाची हाक एकालाच ऐकू येते आणि इतरांना ती पटायला वेळ लागतो. हाक खरी की आपलाच हट्ट, हे ओळखायचे कसे? फळावरून. फादर कॅमिलस यांना या निर्णयातून ना मान मिळाला, ना पैसा. मिळाली ती दमट जागेतील एक पडकी वसती, आजारपण आणि रुग्णांची घाण उपसण्याचे काम. पुढे फिलिप नेरी यांनीही या मंडळीच्या कामाचे मोल ओळखले.

लाल क्रूस

व्हॅटिकनजवळच्या पवित्र आत्म्याच्या मोठ्या इस्पितळात फादर कॅमिलस आणि त्यांचे साथीदार रोज जाऊ लागले. १५८६ साली पोप पाचवे सिक्स्तस यांनी त्यांच्या मंडळीला मान्यता दिली आणि काळ्या झग्यावर छातीशी लाल कापडाचा क्रूस लावण्याची परवानगी दिली. संत पेत्र आणि संत पौल यांच्या सणाच्या दिवशी त्यांनी तो प्रथम लावला. आईच्या स्वप्नातला मुलगा आणि त्याच्यामागून चालणारी मुले ती हीच. गुन्हेगारांची खूण म्हणून आई ज्याला घाबरली होती, तो क्रूस रुग्णांना मदतीची खूण ठरला. १८६३ साली जिनिव्हात स्थापन झालेल्या रेडक्रॉस संस्थेचे चिन्ह वेगळ्या कारणाने ठरले. पण त्याच्या पावणेतीनशे वर्षे आधी लाल क्रूस लावलेली ही माणसे रणांगणावर जखमी सैनिकांची सेवा करीत होती. १५९५ आणि १६०१ साली तुर्कांविरुद्धच्या लढायांत सैन्याबरोबर फादर कॅमिलस यांनी आपले साथीदार पाठवले होते. जखमी सैनिक कसा टाकून दिला जातो, हे त्यांना कुणी सांगायला नको होते.

१५९१ साली पोप चौदावे ग्रेगरी यांनी या मंडळीला पूर्ण धर्मसंघाचा दर्जा दिला. ८ डिसेंबर १५९१ रोजी फादर कॅमिलस आणि त्यांच्या साथीदारांनी व्रते घेतली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांबरोबर त्यांनी चौथे व्रत घेतले. जीव धोक्यात असला तरी, साथीचा रोग असला तरी, रुग्णांची सेवा करायची. हे व्रत तोंडदेखले नव्हते. नेपल्सच्या बंदरात रोगाची लागण झालेली गलबते आली आणि त्यांना धक्क्याला लागू देईनात, तेव्हा या संघाचे बंधू त्या गलबतांवर गेले. त्यांतले काही परत आले नाहीत. दुष्काळात आणि साथींत असे कितीतरी बंधू सेवा करता करता मरण पावले. २०२० च्या महामारीत आपल्या डॉक्टर-परिचारिकांनी जे पाहिले, ते त्यांनी त्या काळी औषधांवाचून पाहिले होते.

१५९८ च्या नाताळात टायबर नदीला महापूर आला. पाणी पवित्र आत्म्याच्या इस्पितळात शिरू लागले. फादर कॅमिलस तेव्हा ४८ वर्षांचे होते. दुखऱ्या पायाने, कमरेएवढ्या पाण्यातून, एकेका रुग्णाला पाठीवर घेऊन ते रात्रभर वरच्या मजल्यावर नेत राहिले. त्या नाताळात त्यांनी बाळ येशूची पूजा ही अशी केली.

सेवेतला त्यांचा कटाक्ष बारीकसारीक गोष्टींत दिसे. खिडक्या उघडा, हवा येऊ द्या. साथीचे रुग्ण वेगळे ठेवा. प्रत्येकाला त्याच्या पचनी पडेल असेच अन्न द्या. अंथरूण बदलताना रुग्णाला गारठा लागू देऊ नका. शेवटचा श्वास गेला असे वाटले तरी लगेच चेहरा झाकू नका, थोडा वेळ थांबा आणि प्रार्थना चालू ठेवा. काम हातांनी करायचे, पण हातांत हृदय उतरले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. रुग्णाला भरवताना ते अनेकदा गुडघे टेकीत. त्यांच्या लेखी समोर ख्रिस्तच असे. एखाद्या रुग्णाजवळ ते हळूच आपल्या पापांची क्षमाही मागत.

हट्टाची दुसरी बाजू

संतांचे सगळेच सोपे गेले असे लिहिणे खरे होणार नाही. फादर कॅमिलस यांच्या हट्टामुळे त्यांच्या संघाला त्रासही झाला. कुठेही रुग्णांची हाक आली की ते नवे घर उघडीत. पैसा कुठून येणार याचा हिशेब नंतर. त्यामुळे संघावर मोठे कर्ज झाले. इस्पितळात राहून अंथरुणे झाडण्यापासून भरवण्यापर्यंत सगळे काम आपल्या लोकांनीच करावे, असे त्यांचे म्हणणे होते. आत्मिक सेवा पुरे, बाकी कामे नोकरांनी करावीत, असे काही साथीदारांना वाटे. यावरून संघात वर्षानुवर्षे वाद चालले.

अखेर १६०७ साली फादर कॅमिलस यांनी संघाचे प्रमुखपद सोडले. कुणाचे न ऐकणाऱ्या माणसाने आपणच स्थापन केलेल्या संघात साधा बंधू होऊन दुसऱ्याची आज्ञा पाळायला सुरुवात केली. डोंगरातल्या वाटेवर जे परिवर्तन सुरू झाले, ते इथे पूर्ण झाले असे आम्हाला वाटते. जुगार सोडणे कठीण असतेच. पण उभ्या आयुष्याची मेहनत दुसऱ्याच्या हाती सोपवून पुन्हा झाडू हाती घेणे त्याहून कठीण.

अखेरचे दिवस

आतापर्यंत शरीर पार मोडले होते. पायाची जखम होतीच. तळपायाला वेदना देणारी कुरुपे होती. कित्येक वर्षे हर्नियाचा त्रास होता आणि त्यासाठी लोखंडी पट्टा बांधावा लागे. मूतखडा होता. अखेरीस तर पोटात अन्न ठरेना. या दुखण्यांना ते देवाची कृपा म्हणत. आपण हे वाचून थबकतो. दुखणे ही कृपा कशी? दुखणे गोड असते असे त्यांना म्हणायचे नव्हते. त्यांना ठाऊक होते, की ही जखम नसती तर आपण कधीच इस्पितळाची पायरी चढलो नसतो. चढलोच असतो तर दुसऱ्याच्या जखमेकडे असे पाहिले नसते.

स्वतः अंथरुणाला खिळलेले असतानाही रात्री ते उठत, खाटांना धरून, कधी सरपटत, शेजारच्या रुग्णांपर्यंत जात आणि काही हवे का ते विचारून येत. चालता येईनासे झाल्यावर त्यांनी सर्व घरांतील बांधवांना उद्देशून निरोपाचे पत्र लिहिले. शेवटच्या क्षणी डोळ्यांसमोर असावे म्हणून क्रुसावरील ख्रिस्ताचे एक चित्र त्यांनी काढवून घेतले होते. १४ जुलै १६१४ रोजी, रोममधील मरिया माग्दालेनाच्या चर्चला लागून असलेल्या घरात, दोन्ही हात क्रुसासारखे पसरून आणि प्रार्थना म्हणत त्यांनी देह ठेवला. वय ६४ वर्षे. त्याच चर्चमध्ये त्यांचे अवशेष जपून ठेवले आहेत.

१७४६ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी त्यांना संतपद बहाल केले. १८८६ साली पोप तेरावे लिओ यांनी त्यांना आणि संत जॉन ऑफ गॉड यांना रुग्णांचे व इस्पितळांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. संत जॉन हेही एके काळचे सैनिकच. १९३० साली पोप अकरावे पायस यांनी या दोघांना परिचारिकांचेही आश्रयदाते केले. संत कॅमिलस यांच्या संघाचे धर्मगुरू आणि बंधू आज जगभर रुग्णसेवा करतात. आपल्या देशातही ते कार्यरत आहेत.

आपल्या घरातली खाट

प्रिय धर्मबांधवांनो, आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत जिथे वर्षानुवर्षे एक खाट कोपऱ्यात आहे. पक्षाघाताने पडलेले वडील, सांधे आखडलेली आजी, आठवण हरवलेले आजोबा. सुरुवातीला पाहुणे येतात, फळे आणतात. दुखणे लांबले की येणे कमी होते. घरच्यांचीही उमेद संपते. मग आवाज चढतो, दार जरा जोरात लोटले जाते, पाणी द्यायला उशीर होतो. आपण वाईट माणसे नसतो, थकलेली माणसे असतो. संत कॅमिलस यांनी भाडोत्री हातांविषयी जे पाहिले, ते कधी कधी आपल्या स्वतःच्या हातांविषयीही खरे ठरते.

त्यांच्या सणानिमित्त आपण दोन गोष्टी करू शकतो. एक, आपल्या वाडीत किंवा इमारतीत बराच काळ आजारी असलेल्या एकाच व्यक्तीकडे या आठवड्यात जाऊ या. फळे नसली तरी चालतील. रात्रंदिवस सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला तासभर मोकळे करू या, म्हणजे त्याला मिस्साला तरी येता येईल. दुसरी गोष्ट आजाऱ्यांसाठी. आपण आता कुणाच्या कामाचे उरलो नाही, असे त्यांना वाटते. ४६ वर्षे जखम वागवणाऱ्या या संताकडे त्यांनी पाहावे. ते बरे होऊन सेवेला लागले नाहीत. आजारी असतानाच त्यांनी सेवा केली. खाटेवरून एखाद्याची विचारपूस करता येते, एखाद्यासाठी जपमाळ म्हणता येते, पाणी देणाऱ्या हाताकडे पाहून हसता येते.

आणि ज्या आयांना आपल्या वाया गेलेल्या मुलासाठी रडू येते, त्यांनी कॅमिलाचे स्वप्न आठवावे. तिने लाल क्रूस पाहिला तो बरोबरच पाहिला होता. त्याचा अर्थ तेवढा चुकला होता.

संत कॅमिलस, आमच्या धर्मग्रामातील सर्व आजाऱ्यांसाठी, त्यांची सेवा करणाऱ्यांसाठी आणि सर्व परिचारिकांसाठी प्रभूकडे विनंती करा.